लघु, गुरू, शून्य, एक

नारायण पेठेतल्या त्या अभ्यासिकेत चाळीस टेबलं होती. एकोणचाळीस टेबलांवर राज्यघटना, भूगोलाचे नकाशे आणि चालू घडामोडींची मासिकं. कोपऱ्यातल्या एका टेबलावर माझ्या वह्या, आणि त्यांत गोल, बाण, झाडं, तक्ते. पहिल्या आठवड्यात शेजारच्या टेबलावरच्या मुलानं हळूच विचारलं, "ताई, मेट्रोचा नकाशा काढताय का?" मी म्हटलं, "नाही रे, गेटचा अभ्यास आहे. कॉम्प्युटर सायन्स." त्यानं मान डोलावली आणि पुन्हा आपल्या पुस्तकात डोकं घातलं. तो परांड्याचा. मराठी व्याकरण चांगलं होतं त्याचं आणि गणित कच्चं होतं, असं तोच सांगायचा. पुढे सात महिने आम्ही शेजारी बसलो.

गेट काय आहे ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अभियांत्रिकीनंतर एमटेकला जायचं असेल तर ही परीक्षा द्यावी लागते. बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि सात आयआयटी आळीपाळीनं ती घेतात. तीन तास, ६५ प्रश्न, १०० गुण. त्यातले १५ गुण सामान्य अभियोग्यतेचे, बाकी गणित आणि आपला विषय. एका प्रश्नाला सरासरी पावणेतीन मिनिटं येतात. चुकीच्या पर्यायाला गुण कापतात. ज्या प्रश्नांना एकाहून अधिक पर्याय बरोबर असू शकतात, तिथं गुण कापत नाहीत, पण तीन बरोबर पर्यायांपैकी दोनच निवडले तर हाती शून्य.

२०२२ मध्ये मी ती पहिल्यांदा दिली, नोकरी सांभाळून. हिंजवडीत चार वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंग करत होते. शनिवार-रविवार क्लास, रात्री जेवणानंतर दोन तास मागच्या वर्षांचे पेपर. मोजून ठेवलं होतं मी, वर्षभरात तीन हजारांवर प्रश्न सोडवले. निदान तेव्हा मी त्याला सोडवणं म्हणायचे. प्रश्नाची पहिली ओळ वाचली की हा कुठल्या प्रकारचा ते कळायचं, त्या प्रकारचं सूत्र आठवायचं, आकडे घातले की झालं. स्वतःचा वेग पाहून मला बरं वाटायचं. निकाल लागला तेव्हा रँक पाच आकडी होती.

जूनमध्ये नोकरी सोडली. आईला पटलं नाही. अण्णांनी एवढंच विचारलं, "पैसे किती महिन्यांचे आहेत?" मी म्हटलं, "दहा." ते म्हणाले, "मग बस."

जुलैत एक सराव चाचणी दिली आणि त्यातल्या एका प्रश्नानं माझं वर्ष बदललं. प्रश्न असा: शून्य आणि एक वापरून लिहिलेली द्विमान संख्या डावीकडून एकेक अंक करत वाचायची आणि शेवटी सांगायचं, हिला सहाने भाग जातो की नाही. हे काम करणाऱ्या डीएफएला कमीत कमी किती स्टेट्स लागतील? पर्याय दिलेले नव्हते, चौकटीत आकडा टाइप करायचा होता. मी प्रश्न धड शेवटपर्यंत वाचलाही नाही. क्लासच्या नोट्समध्ये रंगीत पेनानं लिहिलेलं होतं की जितक्याने भाग, तितक्या स्टेट्स. मी ६ टाइप केलं आणि पुढे गेले. वीस सेकंदही लागली नसतील.

उत्तर ४ होतं.

सुरुवातीला वाटलं, छापायची चूक असेल. मग वही घेतली. डीएफए म्हणजे फार थोडी आठवण असलेलं यंत्र. आधी काय काय वाचलं ते त्याला साठवता येत नाही. आपण या क्षणी कुठल्या वर्तुळात, म्हणजे कुठल्या स्टेटमध्ये, उभे आहोत एवढंच त्याला ठाऊक असतं. द्विमान संख्येच्या शेवटी नवा अंक लागला की आधीची संख्या दुप्पट होते आणि तिच्यात तो ० किंवा १ मिळतो. म्हणजे सहाने भागून उरणारी बाकीही दुप्पट होते आणि तिच्यात तो अंक मिळतो. बाकी सहाच प्रकारची असू शकते, ० ते ५. सहा बाक्यांची सहा वर्तुळं काढली, बाण जोडले, यंत्र चाललं. इथपर्यंत माझं सहा बरोबरच होतं.

पण प्रश्नात 'कमीत कमी' हे शब्द होते. मी बाण पुन्हा पाहिले. बाकी १ असताना ० आला तर बाकी २ होते, १ आला तर ३. बाकी ४ असताना ० आला तर आठ, म्हणजे बाकी २. आणि १ आला तर नऊ, म्हणजे बाकी ३. दोन्ही वर्तुळांतून निघालेले बाण त्याच दोन जागी जाऊन पोचत होते. २ आणि ५ यांचंही तसंच, दोघांकडून ४ किंवा ५. ज्या दोन वर्तुळांचं इथून पुढचं सगळं सारखं आहे, ती वेगळी ठेवण्यात काही अर्थ नाही. आपण तिथवर कुठल्या वाटेनं आलो हे यंत्राला विचारायचंच नाही. ० आणि ३ यांचेही बाण सारखेच आहेत, पण ० वर यंत्र 'हो' म्हणतं आणि ३ वर 'नाही', म्हणून ती दोन एक होत नाहीत. उरली चार वर्तुळं: एक ० चं, एक ३ चं, एक १ आणि ४ चं मिळून, एक २ आणि ५ चं मिळून.

ही कल्पना ज्या प्रमेयात आहे ते मायहिल आणि नेरोड यांचं, १९५७-५८ सालचं. मला ते प्रमेय पाठ होतं. परीक्षेत त्याच्यावर विधान दिलं असतं तर खरं की खोटं हे मी लगेच सांगितलं असतं. पण ते प्रमेय आणि हा सहाचा प्रश्न यांची माझ्या डोक्यात कधी गाठच पडली नव्हती. दोन्ही वेगवेगळ्या पानांवर होती आणि मी पानं उलटत आले होते.

त्या रात्री झोप लागली नाही. रँकचं दुःख मार्चपासून सोबत होतंच, त्याची सवय झाली होती. हे वेगळं होतं. तीन हजार प्रश्नांपैकी किती मी खरोखर सोडवले होते आणि किती नुसते ओळखले होते, याचा हिशोब मनातल्या मनात चालला होता आणि तो काही चांगला लागत नव्हता.

दुसऱ्या दिवशी क्लासच्या नोट्स बॅगेतून काढून खोलीवर ठेवल्या. दोन ते सोळापर्यंतच्या प्रत्येक संख्येसाठी मी हातानं यंत्र काढलं. सातला सातच वर्तुळं लागतात, एकही कमी होत नाही. आठला चार पुरतात. बाराला पाच. सोळालाही पाच. दोन दिवस गेले आणि मग नियम दिसला: संख्येतून दोनाचे सगळे घटक बाहेर काढायचे, जी विषम संख्या उरेल तितकी वर्तुळं, आणि काढलेल्या प्रत्येक दोनासाठी एकेक जास्त. बारा म्हणजे तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणून तीन अधिक दोन. हा नियम आधीच कुणीतरी शोधलेला असणार, हे मला कळत होतं. तरी तो माझ्या वहीत माझ्या हातून उगवला होता. दोन दिवसांत पंधरा चित्रं. आधीच्या वेगानं याच वेळात दीडशे प्रश्न झाले असते.

तिथून वही बदलली. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला फक्त चूक. 'सिली मिस्टेक' हा शब्द वहीत लिहायचा नाही असं ठरवलं, कारण त्या शब्दाखाली मी सगळंच लपवत आले होते. चूक पूर्ण वाक्यात लिहायची आणि मराठीत. पेपर इंग्रजीत असतो, पुस्तकं इंग्रजीत, पण चूक मात्र मराठीत लिहिली की ती झाकता येत नाही हे माझ्या लक्षात आलं. 'मला वाटलं की प्रत्येक पानाला टेबलात चार बाइट लागतात, पण प्रश्नात तीन दिले होते आणि मी वाचलं नाही.' 'बी-ट्रीमध्ये मुळाला निम्म्याची अट लागू नाही हे विसरले.' 'दोन घटना स्वतंत्र आहेत असं मी धरलं. प्रश्नात तसं कुठंही म्हटलेलं नाही.' अशी वाक्यं. डिसेंबरपर्यंत दोन दोनशे पानी वह्या भरल्या.

याच काळात ऑपरेटिंग सिस्टिममधला एक जुना प्रश्न परत हाती आला. मेमरीत पानं ठेवायला ठरावीक जागा असतात. नवं पान हवं असलं आणि जागा नसली तर आधी आलेलं आधी बाहेर काढायचं, ही सगळ्यात साधी पद्धत, फिफो. मागणी अशा क्रमानं येते: १, २, ३, ४, १, २, ५, १, २, ३, ४, ५. तीन जागा असतील तर किती वेळा पान बाहेरून आणावं लागेल, आणि चार असतील तर किती वेळा? जागा वाढवली की खेपा कमी होणार, असं कुणालाही वाटेल. आधीच्या वर्षी मला याचं 'उत्तर' माहीत होतं: फिफोत बेलाडीज अ‍ॅनॉमली होते. एवढं वाक्य. क्रम मी कधी मोजला नव्हता.

आता मोजला. तीन जागांना ९ खेपा, चार जागांना १०. चुकलं असेल म्हणून पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा कागदाचे तुकडे करून, त्यांवर आकडे लिहून, टेबलावर खरोखर ठेवून आणि काढून मोजलं. दहाच. मग नेमकं कुठं बिनसतं ते शोधलं. पाचवं पान येतं तोवर चार जागांच्या मेमरीचं चांगलं चाललेलं असतं. १ आणि २ दुसऱ्यांदा मागितले तेव्हा ते तिच्याकडे होतेच. पण ५ ला जागा करायला ती सगळ्यात आधी आलेल्याला, म्हणजे १ ला, बाहेर काढते. तिच्याकडे उरतात २, ३, ४, ५. तीन जागांच्या मेमरीकडे त्या क्षणी असतात १, २, ५. आणि पुढची मागणी येते १ ची. तिथून चार जागांवाली प्रत्येक वेळी एक पाऊल मागे. जे बाहेर काढलं तेच पुढच्या क्षणी लागतं. लाझ्लो बेलाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये हे मांडलं. कागदाचे बारा तुकडे हाताखाली असल्याशिवाय ते मला कळलं नव्हतं.

दिवाळीला मिरजेला गेले. अण्णा आरएमएसमधून निवृत्त झालेले, रेल्वे टपाल सेवेतले सॉर्टर. सगळा जन्म खणांच्या लाकडी मांडणीसमोर उभं राहून पत्रं टाकण्यात गेला. मी ओसरीवर रॅडिक्स सॉर्टचा प्रश्न सोडवत होते. चष्मा लावून ते शेजारी येऊन बसले. "काय चाललंय?" मी सांगितलं, "सहा आकडी नंबरांची क्रमवारी लावायची. आधी एकम स्थानच्या अंकावरून गठ्ठे करायचे, मग दशम, मग शतम."

"शेवटच्या आकड्यापासून?" अण्णा म्हणाले. "मग गाडी निघून जाईल."

त्यांनी समजावलं. मिरजेचा पिनकोड ४१६४१०. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगड हा विभाग. पहिल्या तीन अंकांवरून पत्र कुठल्या सॉर्टिंग जिल्ह्याच्या थैलीत जाणार ते ठरतं. शेवटचे तीन अंक त्या त्या जिल्ह्यातल्या पोस्टाचे. पत्र पाठवणाऱ्यानं ते बघायचेच नाहीत, तिकडे उतरल्यावर तिकडचा माणूस बघेल. पुढून मागे जायचं, म्हणजे काम वाटून घेता येतं आणि थैली वेळेत गाडीत चढते. माझ्या पुस्तकात ही पद्धतही होती, सगळ्यात मोठ्या स्थानापासून सुरू होणारी, दोन ओळींत उरकलेली. १५ ऑगस्ट १९७२ पासून देशात पिनकोड आला. तो रचणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृत कवी होते, हे अण्णांना माहीत होतं. मला ते त्या दिवशी कळलं.

"पण मागून कसं जमतं ते दाखव," अण्णा म्हणाले. घरात तारेत ओवून ठेवलेली जुनी पत्रं होती. त्यातली बारा काढली आणि पत्त्यातल्या पिनकोडवरून लावायला बसलो. शेवटच्या अंकाचे गठ्ठे झाले, गोळा केले, दशम स्थानाचे गठ्ठे केले, गोळा केले. सहा फेऱ्यांनंतर क्रम लागला नव्हता. एकसारख्या सुरुवातीचे पिनकोड आपसांत मागेपुढे झाले होते. मी आकडे तपासायला लागले. अण्णांनी मात्र पत्रांकडे न बघता माझ्या हाताकडे बघितलं होतं. "तू पत्र गठ्ठ्याच्या वर ठेवतेस. आधीचं खाली जातं. दर फेरीला थप्पी उलटी होते." पत्र गठ्ठ्याच्या खाली सरकवत गेलो आणि क्रम लागला. पुस्तकात लिहिलेलं असतं, प्रत्येक फेरीत वापरायची क्रमवारी 'स्टेबल' असली पाहिजे. समान अंकाची जी दोन पत्रं आधी ज्या क्रमात होती, ती फेरीनंतरही त्याच क्रमात राहायला हवीत. हे मी किमान वीस प्रश्नांत वाचलं होतं. ती अट मोडली तर नक्की काय होतं, ते मिरजेच्या ओसरीवर दिसलं.

"एवढ्याशासाठी परीक्षा घेतात?" आईनं आतून विचारलं. अण्णा म्हणाले, "एवढं काही थोडं नाही हे."

मलाही ते थोडं वाटत नाही, आणि हे मोकळेपणानं म्हणायला हवं. स्पर्धा परीक्षेचा प्रश्न म्हणजे कमअस्सल, खरं ज्ञान कुठंतरी दुसरीकडे, असं शिकलेली माणसं सहज बोलून जातात. 'परीक्षेपुरतं' हा शब्द आपल्याकडे तुच्छतेनं वापरतात. पण या विषयातल्या किती गोष्टी परीक्षेच्या टेबलावरच जन्मल्या आहेत! गोल टेबलाभोवती बसलेले पाच तत्त्वज्ञ आणि त्यांच्यामधले काटे, हे ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रत्येक पुस्तकात असलेलं कोडं मुळात एड्सगर डाइकस्ट्रा यांनी १९६५ मध्ये विद्यार्थ्यांना घातलेला परीक्षेचा प्रश्न होतं. त्यात तेव्हा तत्त्वज्ञ नव्हते, टेप ड्राइव्हसाठी भांडणारे संगणक होते. आजचं रूप टोनी होअर यांनी दिलं. आणि डेव्हिड हफमन. १९५१ मध्ये एमआयटीत रॉबर्ट फॅनो यांनी वर्गाला सांगितलं, अंतिम परीक्षा द्या नाहीतर हा प्रबंध लिहा: कुठलाही मजकूर कमीत कमी बिट्समध्ये बसवणारी सांकेतिक लिपी शोधा. त्या प्रश्नावर खुद्द फॅनोही अडलेले होते, हे त्यांनी सांगितलं नाही. हफमन महिनोन्‌महिने झगडले, हार मानून परीक्षेच्या अभ्यासाला लागणार इतक्यात त्यांना सुचलं की झाड शेंड्याकडून मुळाकडे बांधत जायचं, सगळ्यात कमी वेळा येणारी दोन अक्षरं आधी जोडायची. आज आपण फोटो पाठवतो त्या जेपीईजी फाइलीच्या आत ती कल्पना काम करते. दोन गुणांच्या हफमनच्या प्रश्नात पाच अक्षरं आणि त्यांच्या वारंवारता दिलेल्या असतात आणि आपण तीन मिनिटांत झाड बांधून मोकळे होतो. मी त्या हिवाळ्यात एकदा, फक्त एकदा, ते झाड वरून खाली बांधून पाहिलं आणि कुठं फसतं ते शोधलं. अर्धा दिवस गेला. त्या अर्ध्या दिवसाचं मला अजून वाईट वाटत नाही.

आता परांड्याच्या मुलाचं.

नोव्हेंबरमधली संध्याकाळ. अभ्यासिकेच्या खाली टपरीवर आम्ही चहा घेत होतो. त्याचा मराठीचा पेपर जवळ आला होता आणि तो वृत्तं पाठ करत होता. "यमाताराजभानसलगं, यमाताराजभानसलगं," असं मनाशी पुटपुटणं चाललं होतं. आमच्या पिढीपर्यंत तरी सगळ्यांनीच हे शाळेत म्हटलेलं आहे. अक्षरगणवृत्तात ओळीचे तीन-तीन अक्षरांचे गण पाडायचे, लघु-गुरूच्या मांडणीवरून गण आठ प्रकारचे, आणि ते लक्षात ठेवायला हा एक शब्द. 'य' गण कसा ते विसरलात तर शब्दात 'य' वर बोट ठेवा आणि तीन अक्षरं वाचा: य-मा-ता, लघु गुरू गुरू. 'भ' हवा असेल तर भा-न-स, गुरू लघु लघु. मी हे नववीत पाठ केलं, दहावीत गुण मिळवले आणि विसरले.

त्या संध्याकाळी मी दिवसभर डिजिटलचे शिफ्ट रजिस्टरचे प्रश्न सोडवले होते. तीन खणांची रांग, दर ठोक्याला एक बिट आत येतो, सगळे एक घर सरकतात, जुना बाहेर पडतो. डोळ्यांसमोर तेच सरकत होतं. आणि कानावर यमाताराजभानसलगं. मी चहाचा ग्लास खाली ठेवला आणि वर्तमानपत्राच्या कडेला लिहिलं: ल ग ग ग ल ग ल ल ल ग. मग खाली: ० १ १ १ ० १ ० ० ० १.

"बघ," मी त्याला म्हटलं. "तीन-तीन अक्षरांची खिडकी एकेक घर सरकव." आम्ही बोटानं सरकवली. ०११, १११, ११०, १०१, ०१०, १००, ०००, ००१. आठ गण, आठही वेगळे, एकही दोनदा नाही, एकही राहिलेला नाही. आठ गण सुटे सुटे लिहिले असते तर चोवीस अक्षरं लागली असती. इथं दहात बसतात. आणि शेवटची दोन अक्षरं, ल आणि ग, म्हणजे सुरुवातीचीच दोन. म्हणजे ती गाळून शब्द गोल लिहिला तर आठच अक्षरांचं चक्र होतं.

"हे कुणी सांगितलं नाही कधी," तो म्हणाला.

मलाही कुणी सांगितलं नव्हतं. गणितात अशा क्रमाला डी ब्रुइन क्रम म्हणतात. डी ब्रुइन या डच गणितज्ञांचा त्याच्यावरचा लेख १९४६ चा. १८९४ मध्ये एका फ्रेंच गणितज्ञानं असे किती क्रम होतात ते मोजून ठेवलं होतं. आणि आपल्याकडे वर्गात पोरं तो क्रम एका सुरात म्हणत आलेली. मी त्याला ग्राफ काढून दाखवला. चार चौक: लल, लग, गल, गग. प्रत्येक चौकातून दोन रस्ते निघतात, एक लघु घेऊन, एक गुरू घेऊन. एकूण आठ रस्ते, म्हणजे आठ गण. प्रत्येक रस्त्यावरून नेमकं एकदा चालून परत यायचं. १७३६ मध्ये ऑयलर यांनी क्योनिग्सबर्गच्या पुलांसाठी सांगितलेली अट इथं पुरी होते, कारण प्रत्येक चौकात जितके रस्ते आत येतात तितकेच बाहेर जातात. असं फिरण्याची चक्रं तीन अक्षरांच्या गणांसाठी दोनच आहेत. एक यमाताराजचं, दुसरं म्हणजे तेच उलटं वाचलेलं.

त्यानं वर्तमानपत्राचा तो तुकडा फाडून घेतला. जिना चढताना वळून म्हणाला, "ताई, गण चार अक्षरांचा असता तर?"

"तर सोळा गण. एकोणीस अक्षरांत बसवता येतील. अशी चक्रं सोळा निघतात."

"अर्थ असलेला मराठी शब्द होईल का त्याचा?"

ते मला माहीत नव्हतं.

परीक्षा फेब्रुवारीत झाली. शहराबाहेरचं केंद्र, सकाळचा गारठा, रफ कामाला दिलेलं पॅड, पडद्यावरचा कॅल्क्युलेटर. ६५ पैकी नऊ प्रश्न मी सोडून दिले, कारण ते मला येत नव्हते आणि येत नाहीत हे मला नीट कळत होतं. आधीच्या वर्षी असे प्रश्न मी ओळखीचे वाटतात म्हणून ठोकले होते. एमटेकला प्रवेश मिळाला. महिना १२,४०० रुपयांच्या विद्यावेतनावर दोन वर्षं काढली. आता एका अभियांत्रिकी महाविद्यालयात थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन शिकवते. पहिल्या तासाला सहाने भाग जाणारं यंत्र काढायला देते आणि काही बोलत नाही. बहुतेक मुलं सहा वर्तुळं काढून पेन ठेवतात. मागच्या बाकावरून कुणीतरी अजून वहीत मान घालून बसलेलं दिसलं की मी घड्याळ बघत नाही.

परांड्याचा मुलगा त्या वर्षी तीन गुणांनी राहिला, पुढच्या वर्षी लागला. आता एका तहसील कार्यालयात असतो. सणावाराला मेसेज येतो. गेल्या महिन्यात एका रात्री उशिरा आला: "ताई, चार अक्षरांचं जमलं. तपासा." खाली एक ओळ होती:

सहज उदास घराला निवांत वाटले सांजभर

मी उठून दिवा लावला. एकोणीस अक्षरं होती. वहीत लघु-गुरू मांडले आणि चार अक्षरांची खिडकी सरकवत गेले. नवव्या-दहाव्या तुकड्यापर्यंत सगळं नीट होतं. मग 'निवांत वाटले' पाशी गडबड. सोळापैकी तीन तुकडे दोनदा येत होते, आणि तीन कुठंच नव्हते. चार गुरू सलग ओळीत सापडतच नव्हते. तसं कळवलं, कुठले तीन ते लिहिलं, दुरुस्ती सुचवली नाही. ती त्याची ओळ होती.

दुसऱ्या दिवशी वर्गात जाता जाता उत्तर आलं. एकच शब्द बदलला होता.

सहज उदास घराला निवांत वाटावे सांजभर

स्टाफरूममध्ये बसून पुन्हा पहिल्यापासून तपासलं. 'सहज उ', चार लघु. 'हज उदा', तीन लघु एक गुरू. प्रत्येक तुकड्याखाली पेन्सिलची खूण करत गेले. तेरावा, 'वाटावे सां', चार गुरू सलग. सोळावा तुकडा 'सांजभर' हा अख्खा शब्दच होता: गुरू, लघु, लघु, लघु.